उपवासाच्या दिवशी जेवणाच्या वेळेचे आपण काय करतो? (अनुभव धागा)

२०२६ साली राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला येत आहे आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) ५ एप्रिलला. मधले रविवार वगळले की चाळीस दिवस उरतात. नाशिकच्या मंडळ्यांमध्ये (चर्चच्या समुदायांमध्ये) या दिवसांची तयारी आधीपासूनच सुरू होते. घरोघरीच्या प्रार्थनासभांच्या याद्या लागतात, एकामागून एकाने एकेक दिवस धरायच्या साखळी उपवासासाठी नावे घेतली जातात. मात्र आपले बोलणे बहुधा काय सोडले यापाशीच थांबते. कोणी मटण सोडतो, कोणी चहा, कोणी गोड पदार्थ. त्या सोडलेल्या ताटाच्या वेळेत काय घडले, हे आपण एकमेकांना क्वचितच विचारतो.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपवास यांविषयी एकामागून एक बोलतो आणि तिन्हींना एकच अट घालतो, की हे गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासाठी असावे. मला वाटते, ही तिन्ही एकत्रच चालायची आहेत. जेवण सोडल्याने वेळ मोकळा होतो आणि अन्न शिल्लक राहते. वेळ प्रार्थनेला जावा, अन्न दुसऱ्याच्या ताटात जावे. यांपैकी काहीच झाले नाही, तर आपण केवळ उपाशी राहिलो.

याच अध्यायाचा मान राखून येथे कोणीही आपले किंवा आपल्या मंडळीचे नाव लिहू नये. परिसर आणि कामधंदा पुरेसा आहे. जेवणाची वेळ कुठे गेली, जेवण कुठे गेले आणि देवाची भूक खरोखर लागली का, एवढे प्रामाणिकपणे लिहावे. लागली नसेल तर तेही लिहावे.

शरणपूर रस्ता, निवृत्त शिक्षिका

माझी आई शुक्रवारी दुपारी जेवत नसे. आम्हां भावंडांना हे फार उशिरा कळले, कारण आम्हांला वाढून झाले की ती आतल्या खोलीत जाई आणि आम्ही समजत असू की ती मागाहून जेवते. सकाळी परातीत पीठ घेण्यापूर्वी ती आपल्या वाटणीच्या भाकरीचे बाजरीचे पीठ वाटीने मोजून काढी आणि मांडणीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. डबा भरला की ते पीठ वस्तीतल्या एका विधवा बाईंच्या घरी जाई. पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते. "आईने दिलंय" एवढेच सांगायचे, का दिले ते सांगायचे नाही, अशी ताकीद असे.

आतल्या खोलीत ती एक स्तोत्र सावकाश, ओठांतल्या ओठांत वाचत असे आणि मग नावे घेत असे. ही नावे मी दाराआडून ऐकली आहेत. त्यांत आमची होतीच. पण ज्या बाईशी नळावर तिचे भांडण झाले होते तिचेही होते, आणि ते घेताना ती थांबत असे. आज मी शुक्रवार पाळते तेव्हा हीच पद्धत ठेवते. दुपारी पोटात कळ उठली की पुढचे नाव घ्यायचे. भुकेची आठवण आणि माणसाची आठवण अशी जोडली गेली, की प्रार्थना लांबवण्यासाठी शब्द शोधावे लागत नाहीत.

गुडघ्यांवर बसण्याची शिस्त आम्हांला आजीने लावली. ती शरणपूरचीच. येथल्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकत असत. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या तुकडीत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आपल्या खाटेशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळला. सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले, आणि त्या वेळी अंत्यविधीची उपासना वाचली ती आमच्या नाशिकात शिकलेल्या या मुलाने. आम्ही प्रार्थनेतून लवकर उठू लागलो की आजी ही हकीकत सांगे. लहानपणी त्यातले दूरदेशीचे साहसच आवडे. आता वाटते, की आपल्या गावाच्या इतिहासात गुडघे टेकलेला माणूस आहे ही मोठी ठेव आहे.

सातपूर, कारखान्यात प्रेस ऑपरेटर

आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. रात्रपाळीला मी उपवास धरत नाही आणि कोणी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉवर प्रेसवर हात क्षणभर चुकला तर बोटे जातात, आणि शेजारच्या माणसाचा जीव आपल्या लक्षावर अवलंबून असतो. पहिल्या पाळीचा शुक्रवार असेल तर सकाळी घरी पोटभर खाऊन निघतो आणि दुपारचे तेवढे सोडतो.

कँटीनमध्ये गुप्तपणे उपवास करणे हे घरी करण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. आम्ही सगळे डबे मध्ये ठेवून एकत्र जेवतो. कोणाची मेथी, कोणाचा ठेचा, कोणाची वांग्याची भाजी. डबा आणला नाही तर लगेच विचारणा होते आणि "आज माझा उपवास आहे" म्हटले की त्याची चर्चाच व्हायची. म्हणून माझा डबा मी नेहमीसारखा मध्ये उघडून ठेवतो. पोळ्या इतरांच्या हातात जातात, भाजी संपते, मी पाणी पीत बोलत बसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बसावे असे प्रभूने सांगितले, ते माझ्यापुरते असे आहे.

तेवढ्या वेळात समोर बसलेल्या एकेकाकडे पाहून मनात प्रार्थना करतो. एकाचा मुलगा दारूत बुडालेला आहे, एकाचे कंत्राट संपत आले आहे. पूर्वी ही माणसे माझ्या प्रार्थनेत कधी आली नव्हती, कारण जेवताना मी डब्याकडे पाहत असे.

दिंडोरी तालुका, द्राक्षबागायतदार

आमच्याकडे हे चाळीस दिवस आणि द्राक्षांची काढणी एकाच वेळी येतात. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेचे घड फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात, आणि वर्षाची सगळी कमाई तेव्हा तारेवर लटकत असते.

एका वर्षी काढणी तोंडावर असताना गारपिटीचा इशारा आला. माझे वडील, मी आणि माझी पत्नी, तिघांनी अन्न सोडून प्रार्थना धरली. मंडळीतली आणखी काही घरे सामील झाली. आम्ही अगदी स्पष्ट शब्दांत मागितले, की गारा पडू नयेत. संध्याकाळी आभाळ भरून आले आणि गारा पडल्या. शेजारच्या शिवारात तुरळक, आमच्या बागेवर टपोऱ्या. सकाळी पाहिले तर मणी तडकून रस ओघळत होता, पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि घडांवर माश्या बसल्या होत्या. व्यापाऱ्याने सौदा मोडला. जे वाचले ते पडेल त्या भावाला गेले.

गावातल्या एकाने वडिलांना विचारले, "दादा, मग उपवासाचा उपयोग काय झाला?" विचारणारा चांगला माणूस होता, त्याच्या आवाजात कळकळ होती. वडिलांनी त्याला लगेच उत्तर दिले नाही. रात्री त्यांनी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय उघडला. दावीद राजाचे लेकरू आजारी असते, तो अन्नपाणी सोडून जमिनीवर पडून राहतो, लेकरू मरते. आणि मग तो उठतो, आंघोळ करतो, देवाच्या मंदिरात जाऊन नमन करतो आणि जेवायला मागतो. वाचून झाल्यावर वडील सुनेला म्हणाले, "पोरी, स्वयंपाक कर. आपण मागितलं होतं, उत्तर मिळालं. आता रुसून उपाशी बसणं हा उपवास नाही." त्या रात्री आम्ही तिघे जेवलो आणि जेवण्यापूर्वी त्यांनी जी उपकारस्तुती केली, तिच्यात एकही तक्रार नव्हती. मला मात्र रडू आवरत नव्हते, आणि त्यांनी मला रडू दिले.

यात आणखी एक गोष्ट घडली, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. पेठ आणि सुरगाण्याकडून काढणीला आलेली माणसे बागेच्या कडेला पाल ठोकून राहिली होती. आमचे पीक गेले म्हणजे त्यांची मजुरी गेली. आमच्या घरात वर्षाचे धान्य भरलेले होते, त्यांच्याकडे आठवड्याचेही नव्हते. पत्नीने कोठीतून बाजरी आणि तांदूळ काढून त्यांना वाटून दिले. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव विचारतो, की भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच मला पसंत असलेला उपवास नाही काय? आमच्या उपवासाचा हा भाग गारांनंतर सुरू झाला. तेव्हापासून दरवर्षी आम्ही उपवास धरतो तेव्हा बागेसाठी प्रार्थना करतोच, पण त्याआधी बागेत राबणाऱ्यांची नावे घेतो.

नाशिकरोड, गृहिणी, कॅथलिक

आमच्या चर्चचा नियम मोजका आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस उपवासाचे. त्यांत एकदा पोटभर जेवण आणि दोनदा थोडेसे खाणे चालते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत तो बंधनकारक आहे, आणि चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांनी त्या दिवशी मांस वर्ज्य करायचे असते. काहींना हे फारच सोपे वाटते. मी याकडे पायरी म्हणून पाहते. इथून वर किती चढायचे ते ज्याचे त्याने प्रार्थनेत ठरवावे.

मला शुक्रवारची क्रुसाची वाट, म्हणजे प्रभूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची चौदा स्थानांवरची प्रार्थना, अधिक जवळची आहे. चौदा स्थानांपाशी थांबत, गुडघे टेकत, उठत जाताना संध्याकाळपर्यंत रिकामे ठेवलेले पोट सोबत असते. साधारण तिसऱ्या स्थानापाशी, जिथे प्रभू पहिल्यांदा पडतो, माझेही पाय थकलेले असतात. त्याचे दुःख मला समजले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरी भरल्या पोटी ते शब्द माझ्या कानांवरून निघून जात, हे खरे आहे.

यंदा रमजानही जवळजवळ याच सुमारास सुरू होत आहे. जुन्या नाशकात राहणारी माझी मैत्रीण पहाटे उठून रोजा धरते, दिवसभर घरकाम करते आणि कुरकुर करीत नाही. तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

परिचारिका, मधुमेही

मी इन्सुलिन घेते, त्यामुळे जेवण चुकवण्याची मला परवानगी नाही. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की थरथर, घाम, गोंधळ सुरू होतो, आणि वेळीच काही गोड घेतले नाही तर बेशुद्धी येऊ शकते. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, जे गरोदर आहेत, ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपवास धरू नये. विश्वास कमी असल्याची ही खूण नव्हे.

दानीएलाच्या दहाव्या अध्यायात मला माझी वाट सापडली. तीन आठवडे त्याने स्वादिष्ट अन्न, मांस आणि द्राक्षारस घेतला नाही. मीही वेळेवर, पण साधे जेवते: भाकरी, वरण, पालेभाजी. ड्यूटीवर जेवणाची सुट्टी झाली की पटकन जेवून उरलेला वेळ वॉर्डात ज्यांच्याजवळ कोणी नातेवाईक नाही अशा रुग्णांच्या उशाशी बसते. प्रार्थना मनातच करते. त्यांना बोलायचे असते, तेव्हा ऐकते.

गंगापूर रस्ता, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

वरचे सर्व वाचले आणि लिहावे की नाही असा विचार केला. मागील वर्षी आमच्या तरुण संघाच्या साखळी उपवासात मी माझा दिवस पूर्ण पाळला. शास्त्र वाचले, प्रार्थना केली. परंतु मला देवाची भूक लागली नाही. मला जेवणाचीच लागली आणि डोके दुखले. इतरांनी साक्ष दिली तेव्हा मी गप्प बसलो. ज्याला भूकच लागत नाही, त्याने काय करावे?

देवळाली, पाळक

प्रिय भाऊ, डोके दुखण्याचे कारण बहुधा चहा असावा. रोजचा चहा एकदम सुटला की पहिल्या दिवशी असे होते. आदल्या आठवड्यात हळूहळू कमी कर, पाणी भरपूर पी आणि उपवास सोडताना पेज किंवा वरणभात घे, तळलेले नको.

आता तुझा खरा प्रश्न. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो, की देवाने तुला उपाशी राहू दिले आणि मग मान्ना (अरण्यात देवाने पुरवलेले अन्न) दिला, तो मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे तुला कळावे म्हणून. अरण्यात प्रभू येशूने सैतानाला हेच वचन ऐकवले. या वचनात पोटाची भूक आधी येते आणि कळणे नंतर, आणि इस्राएलाला ते कळायला वर्षे लागली. तुला एका दिवसात जेवणाचीच भूक लागली, तर तू वाटेवरच आहेस.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेची जी मोठी जागृती झाली, तिचा विचार मी नेहमी करतो. तिथल्या कित्येक मुली १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या होत्या. अन्नावाचून माणूस कसा होतो हे त्यांनी आपल्या देहावर पाहिले होते. रमाबाईंनी त्यांना प्रथम जेवू घातले, शिकवले, कामाला लावले. प्रार्थनेचा तो पूर काही वर्षांनी आला. तेव्हा आध्यात्मिक भूक कोणाकडून ओढून आणता येत नाही, आणि कोणत्याही मंडळीने साक्षीच्या वेळी ती दाखवण्याची सक्ती करू नये. तू गप्प बसलास, खोटी साक्ष दिली नाहीस, याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

यंदा चाळीस दिवसांची मोठी प्रतिज्ञा करू नकोस. आठवड्यातून एक दुपार घे. बेचाळीसावे स्तोत्र वाच. ज्याला देव दूर वाटतो अशा माणसाचेच ते आहे. भूक लागली की लागली असे देवाला सांग आणि पुढे वाच.

शरणपूर रस्ता, निवृत्त शिक्षिका

बाळा, पाळकसाहेबांनी सांगितले ते कर आणि आणखी एक कर. एकट्याने बसू नकोस. तुझ्या मंडळीत शुक्रवारी दुपारी प्रार्थनेला बसणाऱ्या दोन-चार वयस्क बायका नक्कीच असतील. त्या कोणाला सांगत नाहीत, म्हणून तुला माहीत नसतील. रविवारी उपासना झाल्यावर सतरंज्या आवरायला जी मागे थांबते तिला विचार. ती तुला जागा सांगेल. सोबत त्या दिवसाचा डबा घेऊन जा. तो कोणाच्या घरी पोहोचवायचा तेही तिला ठाऊक असेल.