उबुंटूवर आर्डर: टेकच्या मध्येच एक्सरन
प्रश्न: सोलापुरात बाळीवेशीतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आहे. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल आर्डर जॅकडी२’ केलं (आर्डर म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, जॅकडी२ म्हणजे त्याच्यापर्यंत आवाज पोचवणारा सर्व्हर), पण टेकच्या मध्येच एक्सरन येतो, म्हणजे आवाज वेळेत न पोचल्यानं तुटतोय.

उत्तर: जॅकडी२ टाकताना रिअलटाइम प्रायॉरिटी (आवाजाच्या कामाला इतर कामांच्या आधी प्राधान्य) द्यायची का, असं विचारतं. डीफॉल्ट ‘नो’ असतं, तेच राहिलं असणार. ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर -पी हाय जॅकडी२’ चालवून ‘येस’ द्या. मग ‘सुडो यूजरमॉड -एजी ऑडिओ $यूजर’ चालवून स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला. लॉगआउट करा भाऊ, नाहीतर ग्रुप लागूच होत नाही. ‘युलिमिट -आर’ने ९५ (मिळालेल्या प्रायॉरिटीची मर्यादा) दाखवलं की झालं.

उत्तर: बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) केवढा? ४८००० हर्ट्‌झला २५६ फ्रेम्स म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंद. हेडफोनवर कुणी स्वतःला ऐकत नसेल तर सरळ १०२४ ठेवा.

उत्तर: आणि काम संपेपर्यंत ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड आर्डर’ करून आर्डरचं अपडेट थांबवा. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह झालेलं सेशन जुन्यात उघडेलच असं नाही.