'परवानगी', 'मुभा' आणि 'खातरजमा'

प्रश्न : लिनक्स या संगणक-प्रणालीची एक माहितीपुस्तिका मराठीत लिहिते आहे. 'फाइल परमिशन'साठी 'परवानगी' लिहिलं, तर एका विद्यार्थ्याने विचारलं, "ती कोणाकडे मागायची?" त्याचं बरोबर वाटतं. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : 'मुभा' घ्या. परवानगी मागावी लागते, कोणीतरी द्यावी लागते. मुभा आधीपासून असते किंवा नसते. फाइलवर तेच नोंदलेलं असतं : मालक, गट आणि इतर यांना काय करायची मुभा आहे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. तीन अंक म्हणजे क्रमाने मालक, गट आणि इतर यांच्या मुभांची बेरीज. म्हणून ६०० म्हणजे मालकाला वाचायची-लिहायची मुभा, बाकी कोणाला काहीच नाही. "गटाची लिहायची मुभा काढा" हे कानाला खटकत नाही.

दुसरं मत : 'अधिकार' का नको?

उत्तर : तो रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्यासाठी, राखून ठेवावा. वाचण्या-लिहिण्याच्या या मुभा त्याला अडवत नाहीत.

प्रश्न : आणि एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम) आपली कॉन्फिग, म्हणजे मांडणीची, फाइल नाकारतं, तेव्हा "फाइलवर विश्वास नाही" म्हणू?

उत्तर : नको. विश्वास माणसं ठेवतात. एसएसएच दोनच गोष्टी बघतं : फाइल तुमची (किंवा रूटची) आहे ना, आणि दुसऱ्या कोणाला तीत लिहिता येत नाही ना. ही खातरजमा. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी मन निश्चिंत होणं आहे. मराठीत त्यात 'स्वतः तपासून' हा अर्थ मुरला, आणि इथे तोच हवा. इतरांनी कॉन्फिग वाचली तर एसएसएच अडत नाही. लिहिता येत असेल तर अडतं, कारण 'प्रॉक्सीकमांड'च्या (जोडणीसाठी कोणती आज्ञा चालवायची ते सांगणाऱ्या) एका ओळीने तुमच्या नावावर कुठलीही आज्ञा चालवता येते. खासगी किल्लीचं, म्हणजे तुमची ओळख पटवणाऱ्या गुप्त फाइलचं, वेगळं. ती इतरांना नुसती वाचता आली तरी एसएसएच ती वापरत नाही. पुस्तिकेत हा फरक जरूर सांगा, लोक दोन्ही एकच समजतात.

दुसरं मत : गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा 'डुबियस ओनरशिप' हा इशाराही घ्या. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ आवृत्तीपासून गिट फोल्डरचा मालक तपासतं. 'संशयास्पद मालकी' म्हटलं की मालकच चोर वाटतो. 'परकी मालकी' म्हणावं.

उत्तर : पटलं. आणि गिटने तरी चालवून घ्यावेत अशा फोल्डरांच्या 'सेफ डिरेक्टरी' यादीत आपण फोल्डर घालतो, तिथे 'विश्वास' चालेल. तो आपण ठेवतो.

प्रश्न : मग वाक्य असं करते : "खातरजमा झाली नाही. या फाइलमध्ये इतरांना लिहायची मुभा आहे."