मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं बहुतेक पाडलीच जातात, मग एवढा खटाटोप कशाला?

उंटावरचा शहाणा:

१ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री इराणने इस्राएलवर दोनशेच्या आसपास बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडली. जून २०२५ मध्ये बारा दिवसांत पाचशेच्या वर. दोन्ही वेळा बहुतेक हवेतच पाडली, असं इस्राएल सांगतं. उलट इस्राएलची विमानं तेहरानवर जाऊन सुखरूप परत आली. मग हजार ते तीन हजार किलोमीटरच्या या मधल्या गटाचं काम नक्की काय? जवळ मारायला रॉकेट आणि ड्रोन आहेत, लांबसाठी आंतरखंडीय आहेत. चॅनेलवाले नकाशावर लाल वर्तुळं काढतात, 'अमुक शहर टप्प्यात' म्हणून कंठशोष करतात, पुढे काही नाही. अण्वस्त्रांचं सोडून बोला, ते कळतं.

जुना तोफची:

ती वर्तुळं आधी पुसा. माझी नोकरी तोफखान्यात गेली, क्षेपणास्त्रांच्या रेजिमेंटमध्ये नाही, पण आमच्याकडे पहिला प्रश्न 'किती लांब जातं' हा नसायचाच. गाडी जागेवर आली, मारा केला, निघाली, यात किती वेळ गेला, हे विचारायचे. तोच प्रश्न इथे लावा.

इराणचं शाहाब-३ किंवा पाकिस्तानचं घौरी, दोन्ही उत्तर कोरियाच्या नोडाँगच्या कुळातली. इंधन द्रव. म्हणजे लाँचरच्या, म्हणजे क्षेपणास्त्र सोडणाऱ्या गाडीच्या, मागे इंधनाचा टँकर, ते इंधन जाळायला लागणाऱ्या नायट्रिक ॲसिडवाल्या ऑक्सिडायझरचा वेगळा टँकर, संरक्षक पोशाखातली माणसं, क्षेपणास्त्र उभं करून भरणं. एवढी वरात उघड्यावर थांबली की वरून दिसते. घन इंधनवाल्यात ही भानगडच नाही. इराणचं सेज्जिल किंवा खैबर शेकन बोगद्यातून काढायचं, उभं करायचं, सोडायचं आणि परत आत. ज्याला तो लाँचर शोधायचाय त्याच्या हातात थोडी मिनिटं उरतात.

१९९१ च्या आखाती युद्धात इराकचे लाँचर शोधायला अमेरिकेच्या आघाडीतल्या देशांच्या फौजांनी विमानं आणि कमांडो दोन्ही लावले. वाळवंट उघडं, आकाश पूर्ण ताब्यात. तरी फिरता लाँचर नक्की उडवला याची खात्रीलायक नोंद युद्धानंतर एकाचीही सापडली नाही. ती क्षेपणास्त्रं साडेसहाशे किलोमीटरची होती, तुमच्या गटात बसत नाहीत. मुद्दा मात्र तोच.

आता 'मधलं कशाला' याचं उत्तर. दीडदोन हजार किलोमीटरचा पल्ला मिळाला की लाँचर सीमेजवळ आणावा लागत नाही, अख्खा देश लपायला मोकळा होतो. शोधणाऱ्याला तेवढं आत येऊन घिरट्या घालत बसावं लागतं. जूनमध्ये इस्राएलने नेमकं तेच केलं. आधी हवाई संरक्षण मोडलं, मग लाँचर आणि बोगद्यांची तोंडं धरली. निम्म्याच्या आसपास लाँचर निकामी केल्याचा दावा होता. दावा बाजूला ठेवा, पण इराणच्या एकेका माऱ्यातली संख्या दिवसागणिक घटली हे साऱ्या जगाने पाहिलं. कोठारात क्षेपणास्त्रं होतीच. सोडायला गाड्या कमी पडल्या.

आकडेमोड:

तोफचीकाका, लाँचरचं पटलं, पण 'पाडली' या शब्दावर तुम्ही शहाण्याला फार सहज सोडलंत.

दोन हजार किलोमीटर जाणारं क्षेपणास्त्र परत वातावरणात शिरतं तेव्हा वेग सेकंदाला चार किलोमीटरच्या घरात असतो. इराणहून इस्राएलपर्यंत बारा मिनिटांच्या आसपास. तीनशे किलोमीटरवाल्याचा वेग याच्या निम्माही नसतो. म्हणून साध्या हवाई संरक्षणाचं इथे काम नाही, इस्राएलच्या ॲरो किंवा अमेरिकेच्या थाडसारखी क्षेपणास्त्रं पाडणारी खास यंत्रणाच लागते. थाडचा एक इंटरसेप्टर, म्हणजे पाडायला सोडतात ते क्षेपणास्त्र, एक कोटी डॉलरच्या वर जातो, आणि एकावर दोन सोडायची पद्धत आहे. जूनच्या त्या बारा दिवसांत शंभरावर थाड इंटरसेप्टर खर्ची पडल्याच्या बातम्या होत्या. ते भरून काढायला वर्षं लागतात, कारण कारखान्यातून निघतातच मोजके.

आणि सगळी पाडली कुठे? १ ऑक्टोबरला इस्राएलच्या नेवातिम हवाई तळावर तीसेक आदळल्याचं उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसलं. एका हँगरच्या छताला भोक पडलं. विमानं वाचली. नेम आणखी धारदार असता तर धावपट्टी आणि विमानांचे निवारे हेच पहिलं लक्ष्य. पूर्वी ही क्षेपणास्त्रं शहरावर टाकायच्या लायकीची होती, कारण शहर चुकत नाही. आता तळ गाठता येतो, हा खरा बदल.

खलाशी:

एक दर्याकडची बाजू. चीनचं डीएफ-२१डी बघा. पल्ला सुमारे दीड हजार किलोमीटर, लक्ष्य चालती विमानवाहू नौका. ते युद्धात कधी वापरलं गेलेलं नाही. हलत्या जहाजाचा ठावठिकाणा सतत पुरवायला उपग्रह आणि रडारची जी साखळी लागते ती लढाईत टिकेल का, यावर मला शंका आहे. पण नौकेवरच्या लढाऊ विमानांचा पल्ला त्याहून कमी, त्यामुळे कप्तानाला विचार करणं भाग पडतं. न सोडताच निम्मं काम झालं.

अमेरिकेकडे याच्या तोडीचं जमिनीवरचं काही नव्हतं. १९८७ च्या आयएनएफ या शस्त्रकपात कराराने जमिनीवरून सोडायच्या क्षेपणास्त्रांचा ५०० ते ५५०० किलोमीटरचा पट्टाच अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांना बंद केला होता, २,६९२ क्षेपणास्त्रं मोडीत निघाली. चीन त्यात नव्हताच. २०१९ मध्ये अमेरिका बाहेर पडली, त्यामागे रशियावरचा आरोप होता तसं चीनचंही कारण होतं.

आणि शहाण्या, 'अण्वस्त्रांचं सोडून' बोलता येत नाही रे. डीएफ-२१ च्या अण्वस्त्रवाल्या आवृत्त्या आहेत, साध्या वॉरहेडच्याही. रडारवर दिसतो तो वेग आणि मार्ग. पुढच्या टोकात काय भरलंय ते फुटल्यावरच कळतं. समोरच्याने तोवर थांबायचं का?

उंटावरचा शहाणा:

हे डोक्यात नव्हतं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये आपण अग्नी-प्राइम रेल्वेवरून उडवलं, ते लपवाछपवीसाठीच ना? आणि वापरणार साधं की तसलं?

जुना तोफची:

लपवाछपवी, हो. अग्नी-प्राइमचा पल्ला हजार ते दोन हजार, घन इंधन, आणि बंद कॅनिस्टरमध्ये, म्हणजे सीलबंद नळकांड्यात, राहतं. रूळ जिथे तिथे नेता येतं, बोगदे आयतेच. पण याला दुसरी बाजूही आहे. अण्वस्त्राचं वॉरहेड वेगळं ठेवायचं आणि वेळ आली की जोडायचं, ही आपली जुनी पद्धत मानली जाते. कॅनिस्टर एकदा सील केला की ते सारखं उघडून बसता येत नाही. मग जोडूनच ठेवायचं का, यावर अभ्यासक बरीच वर्षं वाद घालताहेत, आणि अण्वस्त्रांच्या 'प्रथम वापर नाही' धोरणाशी तो वाद थेट भिडतो.

साध्या माऱ्यासाठी म्हणशील तर अग्नी नाही. ती स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडकडे, तिचं काम अण्वस्त्रांचंच. साध्या वॉरहेडसाठी प्रलय आहे, १५० ते ५०० किलोमीटर. खलाशीबुवांनी विचारलेला घोळ टाळायचा तर ही दोन घरं वेगळी ठेवावीच लागतात. पाकिस्तानने ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळी रॉकेट फोर्स, म्हणजे क्षेपणास्त्रांचं स्वतंत्र दल, जाहीर केली. आपल्याकडेही तशी मागणी चालू आहे. झाली तर त्यात अग्नीच्या पल्ल्याचं काही द्यावं का, यावर माझं मत 'नको' असं आहे. आकडेमोड विरुद्ध बोलणार, ठाऊक आहे.

आकडेमोड:

बोलणारच. पाचशे किलोमीटरवाला लाँचर सीमेच्या किती जवळ न्यावा लागतो, ते तुम्हीच वर सांगितलंत.