रस्ता दोन्ही बाजूंनी खणून ठेवलाय, दाद कुठे मागायची?

चाळीतली_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहतो, स्टेशनकडे जाणारा वर्दळीचा रस्ता आहे. काँक्रीटीकरण दिवाळीनंतर सुरू झालं, बोर्डावरची तारीख उलटून गेली आणि आता तो बोर्डच दिसत नाही. एक बाजू पूर्ण व्हायच्या आधीच दुसरी खणली, रिक्षावाले आत यायला तयार नाहीत, सासूबाईंना डायलिसिसला न्यायचं तर खुर्चीत बसवून दोघांनी नाक्यापर्यंत उचलून न्यायचं, आणि त्या दर वेळी म्हणतात की माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास, ते ऐकवत नाही हो. रस्ता नको असं आमच्यात कुणीच म्हणत नाहीये. काम चालू दिसलं तर धूळ, आवाज सगळं सोसू, पण आठवडेच्या आठवडे त्या खड्ड्यात एक माणूस दिसत नाही. इंजिनिअर म्हणतात कंत्राटदाराला विचारा, सुपरवायझर म्हणतो पाण्याच्या लाइनवाल्यांना विचारा. खरंच एवढा वेळ लागतो का? आणि तक्रार नेमकी काय करायची?

खडी_मुरूम:
ताई, मी याच लाइनीत आहे म्हणून सांगतो, वेळ लागतो. आधी खालच्या पाण्याच्या, ड्रेनेजच्या, गॅसच्या लाइनी, विजेच्या केबली, नकाशात एक असतं आणि खणल्यावर दुसरंच निघतं. मग खडी-मुरूम दाबायचा, त्यावर डीएलसी म्हणजे कमी सिमेंटचा कोरडा थर, त्यावर मुख्य काँक्रीट. ते ओतल्यावर गोणपाट टाकून, आळी करून पाणी भरून ठेवतात आणि त्याची ताकद 28 दिवसांची धरतात. त्यामुळे ओतलेला रस्ता बंद ठेवला तर भांडू नका, उलट गोणपाट सुकलेलं दिसलं तर जरूर भांडा, नाहीतर भेगा पडतात आणि पुन्हा खोदकाम आलंच. पण तुमच्याकडे अजून ओतलेलंच नाही, म्हणजे लाइनवाले आणि रस्तेवाले यांचा ताळमेळ नाही. आणि पावसाळ्यात खोदकाम बंद असतं, साधारण 1 ऑक्टोबर ते 31 मे एवढेच दिवस मिळतात. खड्डा तसाच राहिला आणि पाऊस आला तर पाणी सोसायट्यांत शिरेल, त्यामुळे आत्ताच मागे लागा.

नाक्यावरचा_किराणा:
दुकानदारांचं पण बघा कुणीतरी!! टेम्पो येत नाही म्हणून माल नाक्यावर उतरवून हमालीचे वेगळे पैसे द्यायचे, वरून दुकानासमोर फळी टाकलीय तिच्यावरून म्हाताऱ्या बायका येणार कशा, रोजचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं ते रस्ता झाल्यावर परत येईल याची काय खात्री. माझं तर मत आहे अर्धा अर्धा करूच नका, पूर्ण बंद करा आणि एकदाच उरका.

खडी_मुरूम:
दादा, तुमचं दुखणं कळतं, पण ज्या रस्त्याला पर्यायी गल्ली नाही तो पूर्ण बंद केला तर अग्निशमनची गाडी, अँब्युलन्स कुठून आणणार? अर्ध्या रुंदीत वेळ जास्त जातो, तरी एक बाजू चालती राहते. इथे तीच चालती बाजू खणलीय, मूळ चूक ती आहे.

माहिती_अधिकार_काका:
सूनबाई, तोंडी विचारणं बंद करा. आधी पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रारीचा नंबर घ्या, सोबत खड्ड्याचे तारखेसकट फोटो ठेवत जा. मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "काम का रखडलं" असं विचारू नका, त्याला गोल गोल उत्तर येतं. कागद मागा: कार्यादेशाची म्हणजे वर्क ऑर्डरची प्रत, कामाचं वेळापत्रक, मुदतवाढ दिली असेल तर तिचं पत्र, दंड लावला असेल तर त्याची नोंद, गुणवत्ता तपासणीचे अहवाल. फाइल प्रत्यक्ष बघायलाही मागता येते, तेही लिहा. आणि अर्ज एकाच्याच नावाने नको, दोन-तीन सोसायट्यांतून वेगवेगळे जाऊ द्या. हो, झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडायची असते, काँक्रीट खोडाला भिडवू देऊ नका, नंतर तोडून घेणं फार कठीण जातं.

चाळीतली_सून:
काका, खूप आभार, शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी आजच बोलते. पण 30 दिवस थांबण्याइतका वेळ आमच्याकडे नाही हो, तोपर्यंत सासूबाईंचं काय?

माहिती_अधिकार_काका:
अर्ज कागदासाठी, वाटेसाठी वेगळं पत्र द्या. वॉर्डाच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावाने लिहा, घरात डायलिसिसचा पेशंट आहे हे पहिल्याच ओळीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा आणि एकच मागणी करा, एका बाजूला अँब्युलन्स जाईल एवढी वाट भरून द्या. आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका. त्याच रस्त्यावर अजून कुणी आजारी, बाळंतीण, अपंग असतील तर त्यांच्याही सह्या घ्या.