रझाकाराची बंदूक खेळणाऱ्याच्या हातात द्यावी का?

पाराखालचा, लातूर
भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिघं मित्र मिळून प्रोजेक्ट म्हणून मोबाइल गेम करायलेत. साल १९४८, निजामाच्या राज्यातलं एक गाव. सुरुवातीला बाजू निवडायची: निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचा कार्यकर्ता नाहीतर रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद संघटनेतला माणूस. दिवाळीत मोठ्या कौतुकानं त्यानं आमच्या आण्णांना, म्हणजे त्याच्या आज्याला, दाखवलं. रझाकार होऊन गढीचं दार जाळायचं होतं. आण्णा नव्वदीला आलेत, ते दिवस त्यांनी पाहिलेत. काही न बोलता उठले, ओसरीवर जाऊन बसले. रात्री जेवले नाहीत.

सिनेमात आपण रझाकाराला बघतो. इथं आपणच रझाकार होतो, अन् दार जाळलं की शंभर पॉइंट. माझ्या मते हे होऊ नये. तुमचं काय?

गोदाकाठ, नांदेड
बप्पा, आण्णांबद्दल आदर आहे, पण पटलं नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी तुमच्या लातुरातच वकिली करायचा, हे किती पोरांना ठाऊक आहे? १७ सप्टेंबर, निजामाचं राज्य संपलं तो मुक्तिदिन, म्हणजे झेंडा, भाषण, गोळ्या-बिस्किटं, संपलं. १९४८ च्या जानेवारीत लढ्यासाठी उमरीची बँक लुटली, तो प्रसंग तर गेमसाठीच घडल्यासारखा आहे! पोरं रात्रभर परक्या बेटावर गोळ्या झाडतात, ते चालतं. आपल्या मातीतलं आलं की भावना दुखावतात.

शिवाय वाईट माणूस आतून कसा असतो, हे त्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. २००९ च्या कॉल ऑफ ड्यूटीत ‘नो रशियन’ नावाचा टप्पा होता. विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांना मारणाऱ्या टोळीत आपण. पण त्या प्रवाशांवर एकही गोळी न झाडता पुढं जाता येतं, अन् नको असेल तर टप्पाच वगळता येतो.

पाराखालचा
तोच टप्पा रशियातल्या आवृत्तीतून काढला होता, ते का सांगत नाही? विमानतळ ज्यांचा, त्यांनाच तो दाखवला नाही. इथं तर गढी आमचीच आहे.

कडुनिंब, धाराशिव
तुम्हा दोघांनाही एकच विचारते. गेम १७ सप्टेंबरला संपणार का?

केंद्रानंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. सगळ्यात जास्त होरपळलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते, साधे मुसलमान होते. माझी नानी त्या साली गल्लीतल्या एका सोनाराच्या माळवदावर अकरा दिवस लपली होती. रझाकारांनी काय केलं ते दाखवाच. पण टोपी दिसली की गोळी घाल, असा गेम झाला तर माझा पोरगा शेजारच्या पोराबरोबर बसून तो खेळणार कसा?

जय_मराठवाडा
म्हणजे रझाकारांना माफी द्यायची?

कडुनिंब
तसं कुठं म्हणलं? पुन्हा वाचा.

बिंदुसरा, मूळ बीड, सध्या पुणे
गेम टेस्टिंग हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून जरा लांबण लावतो. बाजू कुठली यापेक्षा पॉइंट कशाला मिळतात ते बघा. खेळणारा गोष्ट विसरतो, पण बक्षीस कशाचं मिळालं ते बोटांना पाठ होतं. दार जाळायला शंभर ठेवले की खाली कितीही हळहळीचा मजकूर लिहा, कुणी वाचत नाही.

पोलंडमध्ये २०१४ साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ निघाला. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात आपण सैनिक नसतो, वेढ्यात अडकलेली साधी माणसं असतो. म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न-औषध चोरलं की आपलंच पात्र खचतं. २०२० मध्ये तिथल्या सरकारनं तो शाळांच्या वाचनयादीत घेतला. आपल्याकडं सिनेमाचं बोर्ड गेम बघत नाही (बरंच आहे म्हणा), त्यामुळं ठरवायचं भाच्यालाच.

मी असतो तर बंदूक दिलीच नसती. रात्रीची बैलगाडी बार्शीकडं काढायची. बार्शी मुंबई प्रांतात, तिथं निजामाची हद्द संपायची. जागा सहा, माणसं अकरा. कुणाला बसवायचं?

गोदाकाठ
मग ते गेम कमी अन् कीर्तन जास्त. डाउनलोड कोण करणार? पण पॉइंटचं म्हणणं मान्य.

पाराखालचा
काल आण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. वाटलं, बंद करा म्हणतील. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “दार जाळलं नव्हतं. आतून कडी काढली होती. ती कुणी काढली, हे पोराच्या खेळात आहे का?”

नाव विचारलं. म्हणाले, त्याची नातवंडं गावातच आहेत.

भाच्याला अजून काही कळवलं नाही.