मदत हवी आहे : अमेरिकेत मत्स्य-वन्यजीव विषयात एम.एस., 'को-ऑप युनिट'मधून

खाडीकाठचा :
नमस्कार मंडळी. भाची शिरगावच्या (रत्नागिरी) मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एससी. झाली. कोळंबी प्रकल्पावर नोकरी नको, खाडीतल्या माशांवर संशोधन करायचंय म्हणते. अमेरिकेतल्या एम.एस.ची शोधाशोध करताना तिला 'कोऑपरेटिव्ह फिश अँड वाइल्डलाइफ रिसर्च युनिट' सापडलं. विद्यापीठ, राज्याचं मत्स्य-वन्यजीव खातं आणि केंद्राची यूएसजीएस (भूगर्भ सर्वेक्षण संस्था) मिळून ते चालवतात, इथवर समजलं. पण प्रवेश नक्की कोण देतं? खर्च कोण उचलतं? इथला कन्सल्टंट म्हणतो, आधी दहा विद्यापीठांचे फॉर्म भरा, फंडिंगचं मागाहून बघू. प्रत्येक फॉर्मची फी डॉलरमध्ये! शिवाय २०२६च्या अमेरिकी बजेट प्रस्तावात यूएसजीएसच्या परिसंस्था विभागाचे पैसेच काढायचं म्हटलं होतं. हे युनिट त्याच विभागात येतात ना? अशा वेळी पोरीने तिकडे जावं का?

हिमवारा :
कन्सल्टंटचं ऐकू नका. या क्षेत्रात आधी प्रकल्प आणि गाईड ठरतो, मग फॉर्म. युनिटच्या शास्त्रज्ञांना पगार यूएसजीएसचा, पण ते विद्यापीठात शिकवतात, विद्यार्थी घेतात. पदवी विद्यापीठाचीच. संशोधनाचा प्रश्न बहुधा राज्याच्या खात्याचा असतो, म्हणजे अमक्या तलावात वॉलाय मासे किती पकडू द्यायचे वगैरे, आणि प्रकल्पाचे पैसेही बरेचदा तिथूनच येतात. (बंदुका-काडतुसांवरच्या करातून १९३७पासून आणि गळ-रिळांवरच्या करातून १९५०पासून राज्यांना निधी मिळतो. शिकाऱ्यांच्या पैशावर संवर्धन, मला पचायला वेळ लागला.) त्यातून विद्यार्थ्याला असिस्टंटशिप : दरमहा स्टायपेंड, बहुतेकदा ट्यूशन माफ.

अशा जागांच्या जाहिराती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जॉब बोर्डवर बघा. तिथून थेट शास्त्रज्ञाला छोटी ईमेल. गुण कमी सांगा, हाताने केलेलं काम जास्त : जाळी, नमुने, ओटोलिथवरून (माशाच्या कानातल्या खड्यावरून) वय काढणं, 'आर' ही आकडेमोडीची संगणक भाषा. परदेशी विद्यार्थी चालेल का, आणि पैसे कुणाचे, किती वर्षांचे मंजूर आहेत, हे तिथेच विचारा. हो, ही युनिट परिसंस्था विभागातच येतात, म्हणून हा पैशांचा प्रश्न टाळू नका. आणि गाडी येते का तिला? फील्डवर्कच्या कित्येक जाहिरातींत लायसन्स मागतात. बोटीचा ट्रेलर जोडून पिकअप हाकावी लागते.

खाडीकाठचा :
खूप आभार! तिला स्कूटी येते फक्त, उद्याच ड्रायव्हिंग क्लासला घालतो. लुइझियाना किंवा फ्लोरिडाच्या युनिटमधून शिकलेलं इथे कुणी आहे का?