तिसऱ्या वर्षाच्या पुनरावलोकनातील शेरे टेन्युअरच्या (प्राध्यापकाच्या कायम नियुक्तीच्या) दृष्टीने कसे वाचावेत?

पाऊलवाट

अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात मी साहाय्यक प्राध्यापक आहे. माझे तिसऱ्या वर्षाचे पुनरावलोकन नुकतेच पार पडले आणि पुनर्नियुक्तीही झाली. मात्र सोबत आलेल्या पत्रातील तीन शेऱ्यांनी मला विचारात पाडले आहे. पहिला शेरा असा, की माझे बहुतेक प्रकाशित काम सहलेखनातील असून त्यातले दोन निबंध पीएच.डी.च्या मार्गदर्शकांसोबतचे आहेत, त्यामुळे ‘स्वतंत्र संशोधक म्हणून ओळख अद्याप स्पष्ट झालेली नाही’. दुसरा असा, की विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातील माझे गुण विभागाच्या सरासरीपेक्षा कमी आहेत. (मी शिकवते तो संख्याशास्त्राचा सक्तीचा वर्ग आहे, त्यात दोनशेच्या आसपास विद्यार्थी असतात, आणि सरासरी काढताना पंधरा-वीस जणांचे ऐच्छिक वर्गही धरले जातात, याचा पत्रात उल्लेख नाही.) तिसऱ्या शेऱ्यात, मी विभागाच्या कामकाजात ‘अधिक समरस व्हावे’, एवढेच म्हटले आहे.

विभागप्रमुखांच्या मते असे शेरे सर्वांनाच लिहितात आणि काळजीचे कारण नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र असे, की सहाव्या वर्षी, टेन्युअरच्या निर्णयाच्या वेळी, हेच पत्र फाइलमधून पुन्हा वर निघेल. यापैकी कोणाचे खरे मानावे, आणि उरलेल्या काळात नेमके काय करावे?

कलमदान

सहकाऱ्यांचे खरे माना. आपली फाइल विभागाची समिती, विभागप्रमुख, महाविद्यालयाची समिती, डीन, प्रोव्होस्ट (विद्यापीठाचे मुख्य शैक्षणिक अधिकारी) आणि शेवटी विश्वस्त मंडळ अशी चढत जाते, आणि वरच्या पायऱ्यांवर आपल्याला ओळखणारे, किंवा अर्थशास्त्र जाणणारेही, फारसे कोणी नसते. त्या मंडळींच्या हाती कागदच असतो. तिसऱ्या वर्षी काय सुचवले आणि सहाव्या वर्षापर्यंत त्याचे काय झाले, हे ताडून पाहणे त्यांना निबंधांची गुणवत्ता जोखण्यापेक्षा कितीतरी सोपे जाते.

अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेच्या 1940 च्या निवेदनात परिवीक्षेचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. म्हणून निर्णय सहसा सहाव्या वर्षी होतो आणि नकार मिळाल्यास सातवे वर्ष शेवटचे ठरते. दोन किंवा अधिक वर्षे सेवा झालेल्यांना पुनर्नियुक्ती नाकारायची असल्यास किमान बारा महिने आधी कळवावे, अशीही संघटनेची अपेक्षा आहे. परंतु ही तत्त्वे आपल्या विद्यापीठाने स्वतःच्या नियमपुस्तिकेत स्वीकारली असतील तेवढीच बंधनकारक असतात. न्यायालयाकडून फार आशा ठेवू नये. विस्कॉन्सिनमधील एका सरकारी विद्यापीठाने एक वर्षाचा करार न वाढवलेल्या रॉथ नावाच्या अध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये असे ठरवले, की पुढील नियुक्तीची कोणतीही हमी नसताना कारणे आणि सुनावणी मागण्याचा घटनात्मक हक्क निर्माण होत नाही. म्हणून विभागाचे लेखी निकष आजच मिळवा, आणि आपल्याला नियुक्तीच्या वेळचे लागू होतात की नंतर सुधारलेले, हेही लेखी विचारून घ्या.

साक्षेपी

वरील प्रतिसाद योग्यच आहे, पण तीन शेऱ्यांचे वजन सारखे नाही. संशोधनाला प्राधान्य देणाऱ्या विद्यापीठात पहिला शेराच निर्णायक ठरतो, कारण सहाव्या वर्षी बाहेरच्या विद्यापीठांतील प्राध्यापकांकडून जी पत्रे मागवली जातात, त्यांचा सारा रोख तिकडेच असतो. काही नावे उमेदवार सुचवतो, काही विभाग ठरवतो. मार्गदर्शक आणि सहलेखक यांना साधारणपणे वगळतात. अनेक ठिकाणी पत्रलेखकाला थेट विचारले जाते, की ही व्यक्ती तुमच्या विभागात असती तर तिला टेन्युअर मिळाले असते का. ही पत्रे गोपनीय म्हणून मागवली जातात, तरी 1990 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भेदभावाच्या चौकशीत अशा कागदपत्रांना विशेष संरक्षण नाकारले. तेव्हापासूनच असे नाही, पण पत्रे हातचे राखून लिहिली जातात हे खरे, आणि मग समितीत एखाद्या कोमट विशेषणावरही कीस पाडला जातो.

सहलेखनाचा प्रश्न आपल्या विषयात अधिकच अडचणीचा आहे, कारण अर्थशास्त्रात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे छापतात आणि नावांच्या क्रमावरून कोणी काय केले हे कळत नाही. हेदर सार्सन्स आणि त्यांच्या सहसंशोधकांचा 2021 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच विषयावर आहे: सहलेखनातील निबंधांचे श्रेय टेन्युअरच्या वेळी स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मिळते, तर एकट्याने लिहिलेल्या निबंधांच्या बाबतीत असा फरक दिसत नाही. हे अन्यायाचे आहे, पण सध्या तरी ते गृहीत धरूनच चालावे लागेल.

यावर उपाय म्हणून सगळेच निबंध एकटीने लिहिण्याचा आटापिटा करू नये. एक प्रश्न आपला, मार्गदर्शकांशिवायचा, असा निवडावा आणि त्यावर एकापाठोपाठ एक काम दिसू द्यावे. त्याच प्रश्नावर इतर विद्यापीठांत व्याख्याने द्यावीत, कारण ज्यांनी आपले नावही ऐकलेले नाही असे पत्रलेखक निरुपयोगी असतात. संशोधन-निवेदनात प्रत्येक सहलेखित निबंधातील आपला वाटा सांगताना ‘आम्ही माहितीसंच तयार केला’ असे मोघम वाक्य टाळावे. ‘विम्याच्या नोंदी काउंटीनिहाय जनगणनेशी जोडण्याची पद्धत माझी असून निबंधाच्या दुसऱ्या आणि चौथ्या भागातील विश्लेषण मी केले आहे’ असे लिहिले, की दुसऱ्या विषयाच्या सदस्यालाही उमगते. सहलेखकांकडून कामाच्या वाटणीचे पत्र मागवण्याची सोय बऱ्याच विद्यापीठांत असते. ती विभागप्रमुखांमार्फतच वापरावी.

खडूफळा

अध्यापनाच्या शेऱ्याबद्दल. ‘साक्षेपी’ यांना तो दुय्यम वाटतो, आणि संशोधन भक्कम असेल तर तो एकटा सहसा कोणाला बुडवत नाही हे मलाही मान्य आहे. पण संशोधन काठावरचे असले की विरोधात मत देऊ पाहणाऱ्यांना हाच आकडा आयता सापडतो.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांतून शिकवण्याची परिणामकारकता मोजली जाते, हा समजच डळमळीत आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ऑनलाइन वर्गाच्या साहाय्यकांनी एका गटाला स्त्री म्हणून आणि दुसऱ्याला पुरुष म्हणून शिकवले. गृहपाठ दोन्हीकडे एकाच वेळी तपासून परत दिलेला असूनही, तत्परतेचे गुण स्त्रीच्या नावाला कमी पडले. कॅनडात टोरोंटोच्या तत्कालीन रायर्सन विद्यापीठातील वादात लवाद विल्यम कॅप्लन यांनी 2018 मध्ये असा निर्णय दिला, की पदोन्नती आणि टेन्युअरसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजायला या सरासऱ्या वापरू नयेत. तो निर्णय आपल्या विद्यापीठाला लागू नाही, मात्र युक्तिवाद म्हणून उपयोगी आहे.

तरीही अध्यापन-निवेदनात अभिप्रायांवर टीका करत बसू नये. ती तक्रारीसारखी वाचली जाते. त्याऐवजी तुलना बदलून घ्यावी, म्हणजे तोच सक्तीचा वर्ग यापूर्वी इतरांनी शिकवला तेव्हाचे गुण आणि अभिप्राय भरणाऱ्यांचे प्रमाण विभागाकडून मागवून शेजारी ठेवावे. दरवर्षी एका सहकाऱ्याला वर्गात बसवून लेखी निरीक्षण घ्यावे. आणि एखादा गृहपाठ का बदलला हे दाखवावे: आधीचा प्रश्न, विद्यार्थ्यांची नेहमीची चूक, बदललेला प्रश्न आणि त्यानंतरची एक-दोन उत्तरे, नावे काढून.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. तिसऱ्या शेऱ्याबद्दल मात्र कोणीच लिहिले नाही. सहा समित्यांपैकी दोनवर मी आधीच आहे. ‘समरस’ व्हायचे म्हणजे आणखी काय करायचे, हे समजत नाही.

कलमदान

तो शेरा मी मुद्दामच मागे ठेवला होता, कारण तिघांत सर्वांत निसरडा तोच आहे. मी वर उल्लेख केलेल्या प्राध्यापकांच्या संघटनेने 1999 मध्ये स्पष्ट केले आहे, की सहकार्यशीलता हा अध्यापन, संशोधन आणि सेवा यांच्या जोडीचा वेगळा निकष मानू नये. तिचा खरा अंश या तिन्हींमध्ये येतोच, आणि वेगळी काढली की मतभेद व्यक्त करणाऱ्याला गप्प बसवायला ती वापरली जाऊ शकते. म्हणून निकषांच्या कागदात हा शब्द आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर वाद न घालता विभागप्रमुखांना विचारा, की माझ्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा आहे. ते परिसंवादमालेचे आयोजन म्हणाले तर स्वीकारा, त्यात बाहेरचे संशोधकही भेटतात. अभ्यासक्रमाच्या फेररचनेसारखी वर्षभर चालणारी समिती पुढे केली, तर टेन्युअरनंतर नक्की करेन असे नम्रपणे सांगा. भेट झाली, की त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यात असे ठरले’ अशी चार ओळींची ईमेल पाठवा आणि तिची प्रत पुढच्या वार्षिक मूल्यमापनाला जोडा.